एका आवाजाचा अज्ञातवास

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यानंतरच्या पुनर्वसनाची कामे पुढे कितीतरी वर्षे चालू होती. त्या कामाच्या निमित्ताने १९९६-९७ च्या सुमारास मला काही महिने अणदूर या गावी राहण्याचा योग आला. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा, तालुका तुळजापूर. नळदुर्गच्या शेजारचे हे गाव खंडोबासाठी प्रसिद्ध आहे. येथल्या देवाचे वैशिष्ट्य असे, की मूर्ती एक आणि गावे दोन. वर्षातला बराचसा काळ देव अणदुरात असतो आणि मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत तो नळदुर्गजवळच्या मैलारपुरात मुक्कामाला जातो. दोन्ही ठिकाणचे मानकरी एकमेकांशी रीतसर लेखी करार करतात आणि मगच देव हलतो. देवालाही करारपत्राचे बंधन असावे, याचे मला तेव्हा मोठे कौतुक वाटले होते.

गावात एका घरी लग्नानंतरचे जागरण होते. घरमालकांच्या आग्रहावरून मीही गेलो. वाघ्याच्या हातात दिमडी, साथीला तुणतुणे, आणि मुरळीच्या हातात घाटी. चाळिशी उलटलेली ती बाई मध्यरात्रीपर्यंत बेताने गात होती. मध्यरात्रीनंतर मात्र तिचा आवाज असा काही उघडला, की अंगणात पेंगत बसलेली माणसे सावरून बसली. पहाटे भंडारा उधळला गेला, दक्षिणा दिली गेली. वाघ्याचे नाव सर्वांना ठाऊक होते. जागरणाची सुपारी त्याच्याच नावाने दिलेली होती. मुरळीचे नाव मी दोघातिघांना विचारले. ‘त्याच्यासंगं येती ती,’ एवढेच उत्तर मिळाले. ती स्वतः चार हातांवर उभी होती, पण तिलाच जाऊन विचारावे हे मला सुचले नाही.

खोलीवर परतल्यावर झोप येईना. सोबत आणलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये पत्नीने दिलेली एक कॅसेट होती. ती गिरगावात वाढलेली, त्यामुळे तिच्या माहेरी कोकणी गाण्यांचे वेड. कॅसेटचे नाव ‘हॅलो लॉर्ना’. आवाज कमी करून मी ती लावली आणि चमकलो. भाषा निराळी, साज निराळा; तेथे दिमडी, येथे ट्रंपेट आणि सॅक्सोफोन. पण रात्र चढू लागल्यावर मोकळा होणारा, ऐकणाऱ्याला मुळीच न भिणारा तो गळा जणू त्याच जातीचा होता. ही तुलना कोणाला रुचणार नाही, हे मी जाणतो. मुरळीची प्रथा ही अन्यायाची प्रथा. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सोमवंशीय मित्र’मधून तिच्याविरुद्ध लढा दिला तो उगाच नव्हे. हॉटेलात नोकरी म्हणून गाणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी. तरीही रात्री परक्या लोकांसमोर उभी राहून गाणाऱ्या स्त्रीला समाज कान देतो, पण नाव देताना हात आखडतो, हे दोन्हीकडे सारखेच. त्या रात्रीपासून लॉर्ना कोर्देरो या गायिकेचा जीवनक्रम समजून घेण्याचा छंद मला लागला. गोव्यात आणि मुंबईच्या गोवेकर वस्तीत हे नाव घराघरांत आहे. आमच्या मराठी धर्मग्रामांतून मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

तिची गोष्ट सांगायची तर थोडे मागे जावे लागते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला लागून पाठशाळा असत, आणि त्यांत प्रार्थनेबरोबर संगीतही शिकवले जाई. तेथला शिक्षक म्हणजे ‘मेस्त’. तो छडी घेऊन सा-रे-ग-म नव्हे, तर दो-रे-मी घोकून घेई. स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवी. हेतू एवढाच, की रविवारच्या मिस्सेला गानवृंद सुरात गावा. पण विद्या एकदा हाती आली, की ती कोठे वापरावी हे शिकवणाऱ्याच्या हाती राहत नाही. गोव्यात पोटापुरते मिळेना, तेव्हा हीच मुले मुंबईला निघाली. धोबीतलाव आणि गिरगाव भागात गावोगावच्या लोकांनी ‘कूड’ काढले होते; तेथे कोपऱ्यातल्या ट्रंकेएवढी जागा आणि वेदीवर संतांची तसबीर एवढ्यावर माणसे राहत. कागदावरची स्वरलिपी पाहून वाजवणारा वादक शहरात दुर्मीळ होता. पोलिसांचा बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, आगबोटी, मूकपटांची नाट्यगृहे, मागाहून बोलपट. सगळीकडे त्याला मागणी आली.

१९३० नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक येऊ लागले. लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड ही त्यांतली मोठी नावे. त्यांच्याबरोबर जॅझ आले आणि गोवेकर वादकांनी ते पाहता पाहता आत्मसात केले. अँटोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही सारी मंडळी त्या पिढीची. दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि रात्री हॉटेलात, असा त्यांचा दिनक्रम. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचा भरदार वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझांनी कागदावर उतरवलेला असे. पडद्यावरच्या नामावळीत ते नाव शोधावे लागते. अँथनी गोन्साल्विस हे नाव तर १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मुळे देशाच्या तोंडी झाले. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव गाण्यात गुंफले होते. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते, की या नावाचा एक खराखुरा माणूस माजोर्ड्यात राहतो?

वादकांची ही गत, मग गाणाऱ्या मुलींचे काय बोलावे!

रंगभूमीवर मात्र या समाजाने एक पाऊल फार लवकर टाकले होते, हे नमूद केले पाहिजे. कोकणी तियात्राचा जन्म मुंबईत १८९२ साली झाला. त्याला आकार देणारे जुआंव आगुस्तीन फर्नांडिस हे मडगावच्या बोर्डा भागातले. १९०४ साली त्यांनी ‘भाटकारा’ हा तियात्र केला, तेव्हा स्त्रीभूमिकेसाठी पुरुषाला लुगडे नेसवण्याऐवजी स्वतःच्या पत्नीला, रेजिना फर्नांडिस यांना, रंगमंचावर उभे केले. आमचे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते १९०५ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. मराठी रंगभूमी पुरुषाच्या स्त्रीवेषावर लुब्ध होत असताना एका ख्रिस्ती गृहिणीने मुंबईत प्रेक्षकांसमोर संवाद म्हटले आणि गाणी गायली. तिच्यासोबत पती होता; घरंदाजपणाचा पदर तेवढ्याने सांभाळला गेला. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या त्या १९१३ साली. त्यांच्या वाट्याला काय बोलणी आली असतील, ते वाचकांना निराळे सांगावयास नको.

तियात्रात दोन अंकांच्या मध्ये स्वतंत्र गाणी गाण्याची पद्धत आहे. पडदा पडतो, वाद्यवृंद वाजू लागतो, आणि गायक किंवा गायिका पुढे येऊन एखादे ‘कांतार’ गाते. कथेशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. दारुडा नवरा, गावचा भाटकार, आखातात गेलेला मुलगा, कोणताही विषय चालतो. गाणे आणि अभिनय यांच्या सीमेवरची ही कला आहे. लॉर्नाच्या गाण्यात जे नाट्य भरले आहे, त्याचे मूळ मला येथे दिसते. ती केवळ सूर लावत नाही. ज्याच्याविषयी गाणे आहे त्या माणसाला ती समोर उभा करते, त्याची चाल, त्याचे बोलणे, त्याचा तोल जाणे, सारे गळ्याने दाखवते. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा, ‘पिसो’ म्हणजे वेडा. या नावांची तिची गाणी ऐकावीत. कोकणी न कळणाऱ्यालाही गाण्यातला माणूस कळतो.

लॉर्ना कोर्देरो १९४६ साली मुंबईत जन्मली. शाळकरी वयापासून ती गात होती, आणि ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदात आली तेव्हा ती विशीच्याही आत होती. ख्रिस पेरी, म्हणजे मूळचे पेरैरा, हेही बोर्ड्याचेच, जन्म १९२८. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्हींवर हुकमत असलेला हा मनुष्य शिस्तीला अतिशय कडक होता, असे त्यांच्याबरोबर वाजवलेले लोक सांगत. त्यांनी या मुलीला हाताशी धरून घडवले, यात शंका नाही. ते ऋण मान्य केलेच पाहिजे. इंग्रजी गाणी ती अशा तडफेने गाई, की वेल्सच्या शर्ली बॅसी या गायिकेशी तिची तुलना होऊ लागली.

चर्चगेट स्टेशनसमोरचा रस्ता त्या काळी संगीताचा बाजार होता. ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’, पलीकडे ॲम्बॅसेडर, गेलॉर्ड. संध्याकाळी त्या रस्त्याने चालत गेले, तर चार निरनिराळे वाद्यवृंद कानी पडत. गंमत अशी, की हे सारे दारूबंदीच्या काळात फुलले. मुंबई इलाख्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. परवान्यावाचून मद्य नाही, म्हणून हॉटेलांनी संगीत आणि भोजन यांवर गिऱ्हाईक बांधले. रविवारी दुपारी ‘जॅम सेशन’ भरे. कॉलेजातील मुले-मुली थंड पेयाचा एक ग्लास पुढ्यात घेऊन तासन् तास बसत. आपल्याकडे ‘नाइट क्लब’ म्हटले, की डोळ्यांपुढे धूर आणि अंधारच येतो. त्या चित्रात हा थंड पेयाचा ग्लासही ठेवावा, एवढीच माझी विनंती.

ते काळे चित्र आले कोठून? मुख्यतः हिंदी चित्रपटांतून. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’पासून पुढे वीस वर्षे क्लबात गाणारी स्त्री म्हणजे खलनायकाची हस्तक, आणि तिचे नाव बहुधा रोझी, लिली नाहीतर मोनिका. पडद्यावर नाचणाऱ्या निराळ्या, पडद्यामागे गाणाऱ्या आशाबाई किंवा गीता दत्त निराळ्या. पण बदनामी मात्र शेजारच्या चाळीतल्या खऱ्याखुऱ्या रोझीच्या पदरात पडे. आमच्या समाजाचे वागणेही काही फार उदार नव्हते. लग्नाच्या मांडवात बँड हवा, नाच हवा, गाणारी हवी. परंतु गाणारीला सून करून घेण्याचा प्रश्न आला, की कपाळाला आठ्या. उषा उथुप यांनी १९६९ च्या सुमारास मद्रासच्या आणि मग कलकत्त्याच्या रेस्टॉरंटांतून गाण्यास आरंभ केला तो कांजीवरम साडी नेसून आणि मोठे कुंकू लावून. त्या साडीने त्यांच्या गाण्याला घरंदाज श्रोत्यांचे दार उघडून दिले. गाऊन घालणाऱ्या ख्रिस्ती मुलीपाशी अशी काही युक्ती नव्हती. गाऊन हा तिच्या घरचाच पोशाख होता.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, आणि माझ्या मते तीच या साऱ्या कहाणीचे मर्म आहे. हॉटेलचा करार होई तो बँडच्या प्रमुखाशी. तो वादकांना आणि गायिकेला आपल्या हाताने पगार वाटे. हॉटेलच्या लेखी गायिका कोणीच नसे. शिवाय गाणे म्हणजे केवळ गळा नव्हे. पंधरावीस वाद्यांनी कोणता स्वर केव्हा वाजवावयाचा याचे लिखित कागद लागतात, आणि ते कागद गायिकेच्या पट्टीला बेतून लिहिलेले असतात. तेही बँडप्रमुखाच्या मालकीचे. तेव्हा गायिका बँड सोडून निघाली, तर ती रिकाम्या हाताने निघे. ज्या गाण्यांनी तिला नाव दिले, ती गाणी मागे पेटीत राहत. अणदूरच्या जागरणाची सुपारी वाघ्याच्या नावाने होती, याची मला येथे पुन्हा आठवण होते.

यात केवळ कोणा एका माणसाचा दोष काढणे सोपे आहे, पण रीतच तशी होती. ‘महल’ चित्रपटाच्या वेळी, १९४९ साली, लता मंगेशकरांनी गायलेल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातील पात्राचे नाव! लताबाईंनी पुढे नावासाठी आणि मानधनाच्या हिश्श्यासाठी भांडण मांडले, आणि त्या भांडू शकल्या, कारण त्यांच्यावाचून चित्रपटसृष्टीचे पान हलत नव्हते. क्लबातल्या गायिकेला ते बळ कोठून यावे? कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा काही हक्क आहे, हे आपल्या कायद्याने मान्य केले ते १९९४ च्या दुरुस्तीने, आणि त्याला खरा जोर आला २०१२ साली.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ख्रिस पेरींनी एक धाडस केले. हॉटेलात वाजणारे जॅझचे ताल, लॅटिन अमेरिकेतले ठेके आणि मातृभाषा कोकणी यांची त्यांनी सांगड घातली. तोवर कोकणी गाणे म्हणजे एकीकडे घरंदाज, संथ मांडो आणि दुसरीकडे तियात्रातले कांतार. पेरींच्या रचना या दोहोंचे नाते सांगत होत्या, पण त्यांची वेशभूषा शहरी होती. त्यांना आवाज मिळाला लॉर्नाचा. ‘लिस्बोआ’, ‘तुजो मोग’, ‘नाचोंया कुंपासार’ अशी गाणी तबकड्यांवर निघाली आणि मुंबईच्या कूडांपासून सासष्टीच्या खेड्यांपर्यंत आणि आखातात गेलेल्या नोकरमाण्यांच्या खोल्यांपर्यंत पोहोचली. ज्या गोवेकराला हॉटेलच्या दारात उभे राहण्याचीही ऐपत नव्हती, त्याच्या घरात हॉटेलचे संगीत त्याच्या स्वतःच्या भाषेत वाजू लागले. एका छोट्या भाषेच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. त्याच काळात कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद गोव्यात पेटलेला होता आणि १९६७ च्या जानेवारीत गोव्याच्या विलीनीकरणावर जनमत कौलही घेतला गेला. मराठी वाचकांपुढे तो वाद उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. एवढेच म्हणतो, की व्यासपीठावरच्या भाषणांनी जे साधले नसेल, ते या गाण्यांनी नाचता नाचता साधले.

आणि मग सत्तरच्या दशकात हा आवाज थांबला.

पेरी आणि लॉर्ना यांची जोडी फुटली. तिने दुसऱ्या कोणाबरोबर गाऊ नये अशा बंधनाची हकीकत अनेकदा छापून आली आहे. दोघांच्या खासगी आयुष्याविषयी तर त्याहूनही अधिक छापले गेले आहे. त्यात शिरावे असे मला वाटत नाही. जे उघड आहे ते पुरेसे बोलके आहे. ऐन तिशीच्या उंबरठ्यावरची, गळा तयार झालेली, लोकांच्या तोंडी असलेली गायिका वीस वर्षांहून अधिक काळ रंगमंचावर दिसली नाही. हॉटेलांतील वाद्यवृंदांचाही तो उतरणीचा काळ होता. ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचण्याची पद्धत आली, करमणूक कराचा बोजा होता, जिवंत वाद्यवृंद पोसणे हॉटेलांना परवडेना. कित्येक वादक पूर्णपणे चित्रपटांकडे वळले, काही परदेशी गेले.

परंतु माझे मन पुन्हा पुन्हा दुसऱ्याच एका गोष्टीपाशी अडते. त्या वीस वर्षांत तिची गाणी थांबली नव्हती. गोव्यातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक फेस्ताच्या संध्याकाळी, आगबोटींवर, बहारिन-कुवेतच्या खोल्यांत ती वाजतच होती. मुले तिच्या गाण्यांवर चालावयास शिकली, तरुण तिच्या गाण्यांवर जोडीदार निवडू लागले. ती मुंबईतच राहत होती. रानात किंवा परदेशात नव्हे. सर्वांच्या कानांत ती होती आणि कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. आवाज आपल्याजवळ आहे, मग बाईची चौकशी कशाला, अशी काहीशी ती वृत्ती. पांडवांच्या अज्ञातवासात त्यांना ओळखू नये म्हणून ते स्वतः लपले होते. येथे कोणी शोधावयासच निघाले नाही.

अखेर निघाला तो रॉनी मॉन्सेरात. हा पियानोवादक मुंबईच्या एका नामांकित संगीत घराण्यातला; वडील पीटर मॉन्सेरात हे ट्रंपेटवादक, आणि भाऊही वादक. त्यांनी लॉर्नाला पुन्हा गाण्यास राजी केले. वीस-बावीस वर्षे न वापरलेला गळा म्हणजे गंजलेले कुलूप. तो पुन्हा चालेल की नाही, याची हमी कोण देणार? तरी तिने नवी गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि १९९५ च्या डिसेंबरात पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर ती लोकांसमोर आली. गर्दी एवढी लोटली, की त्या कार्यक्रमाची गोष्ट गोव्यात अजूनही दंतकथेसारखी सांगितली जाते. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. आवाजात पूर्वीची लकाकी कदाचित थोडी कमी असेल. पण त्याला वजन आले होते, आणि माझ्या कानाला हे वजनच अधिक भावते. अणदूरच्या खोलीत मी ऐकली ती कॅसेट या पुनरागमनाचीच.

ख्रिस पेरी २००२ साली निवर्तले. पुढे बार्डरॉय बार्रेटो या दिग्दर्शकाने ‘नाचोंया कुंपासार’ नावाचा कोकणी चित्रपट काढला. पडद्यावर नावे बदललेली आहेत, परंतु गाणी पेरींची, आणि कोणाच्या जीवनावरून कथा सुचली ते प्रेक्षकांपासून लपून राहिले नाही. गायिकेची भूमिका केली ती पालोमी घोष या अभिनेत्रीने. कोकणी ही तिची मातृभाषा नसूनही तिने ती भूमिका अशी वठवली, की राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. गोव्यात ठिकठिकाणच्या सभागृहांतून त्याचे खेळ लावण्यात आले. चित्रपट उत्तम आहे. तरी एक खंत राहते. कथा रंगते ती शिष्या आणि गुरू यांच्या प्रीतीत. मौनाच्या वर्षांना चित्रपटात थोडीच जागा मिळते. ते साहजिकही आहे. वीस वर्षे न गाणे पडद्यावर दाखवायचे तरी कसे? सकाळी उठणे, पाणी भरणे, मिस्सेला जाणे, आणि रस्त्यातल्या एखाद्या मांडवातून स्वतःचाच आवाज ऐकू आला, तर पुढे चालत राहणे. यात ‘प्रसंग’ कोणता?

हे सारे मी मागाहून जमवले. १९९७ च्या त्या हिवाळ्यात मला यातले निम्मेही ठाऊक नव्हते. अणदूर सोडण्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. घरमालकांचा थोरला मुलगा टेम्पो चालवत असे. वऱ्हाडाची भाडी तोच मारी. माझ्या खोलीतून ऐकू येणारी गाणी त्याच्या कानांत बसली होती. एके दिवशी त्याने संकोचून कॅसेट मागितली. मी दिली. दोन दिवसांनी संध्याकाळी नळदुर्गच्या रस्त्याने मी परतत होतो, तो मागून टेम्पो आला आणि मला घेण्यासाठी थांबला. मागे नवरदेवाकडची मंडळी दाटीवाटीने बसली होती, आणि पुढच्या टेपवर मडगावची कोकणी आणि मुंबईचे ट्रंपेट पूर्ण आवाजात चालू होते. एक म्हातारबा फेटा सावरत ताल धरून बसले होते. एक अक्षर त्यांना कळत नसणार.

‘सर, कोन हाय हो ही बाई?’ मुलाने विचारले. ‘गाती मातर लई भारी.’

मी नाव सांगितले. इंजिनाच्या आवाजात त्याला ते नीट ऐकू आले नसावे; त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले.

‘लोरनाबाई,’ तो मागे वळून वऱ्हाडाला म्हणाला, आणि कॅसेटची बाजू पलटून त्याने गाडी सोडली.